बी काढलेल्या शिव्या

सुपडूआप्पाने ज्याला शिवी दिली नाही, तो माणूस नंदुरबारच्या मिरची बाजारात परका समजला जायचा. आप्पा जाऊन दोन हंगाम झाले, पण आमच्या पथारीवर अजूनही कोणी 'अहो, जरा बसा ना' असं म्हटलं की जुनी माणसं दचकून मागे बघतात.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. हंगामात ते असं लाल होतं की वरून जाणारी विमानं आमच्या डोक्यावर जरा वेळ थांबतात. खाली सिग्नल लागलाय असं वैमानिकाला वाटतं. मी स्वतः पाहिलंय. मी तिथे वजनकाट्यावर कारकून आणि आप्पा पारखी. शेतकऱ्याचा माल उतरला की ढिगातली एक मिरची उचलायची, कानाशी नेऊन मोडायची, नाकाशी धरायची, मग बियांसकट तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बावीस वर्षांत त्याच्या डोळ्याला कधी पाणी आलेलं मी पाहिलं नाही. एकदा त्याला एक डास चावला, तो बिचारा पाणी पाणी करत थेट तापीपर्यंत गेला म्हणतात.

आप्पाच्या नाकाबद्दल एकच सांगतो. आम्ही रस्त्याकडेला चहा पीत होतो आणि पलीकडून मिरचीचा ट्रक गेला. आप्पाची पाठ रस्त्याकडे. बशी न हलवता म्हणाला, "म्हसावदनी शे. दुसरी तोडणी. वरथीन दव पडेल शे. आनि डायवरनं बायकोसंगे भांडन व्हयेल शे." आम्ही दोघांनी मोटरसायकलवर पाठलाग करून ट्रक थांबवला. म्हसावद गाव, तोडणी, दव, भांडण, चारही गोष्टी बरोबर निघाल्या. शेवटच्या गोष्टीवर तर ड्रायव्हरला रडूच आलं.

आता शिव्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

'तुन्हा मुडदा बशाडू' ही आप्पाची सकाळची पहिली ओळ. तुझं मढं बसवीन, असा तिचा अर्थ शाळेत निघेल. आमच्याकडे तिचा अर्थ 'या, बरं झालं आलात, घरी सगळे ठीक ना' असा आहे. मला तो 'मुडद्या' म्हणायचा. पथारीच्या शेठलाही म्हणायचा, जरा हळू. बायकोला, म्हणजे जिजीला, दिवसातून पाच वेळा तिचा मुडदा बसवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, आणि तिला राग यायचा तो फक्त चारच वेळा बसवला तर. म्हशीपासून मंडईतल्या हमालांपर्यंत सगळ्यांना त्या शिव्यांत समान वाटा होता.

आणि ज्याच्याशी आप्पाचं मन फाटलं, त्याच्याशी तो शुद्ध बोलायचा. अगदी शाळेच्या पुस्तकातलं. "आपण बसा. पाणी घेणार?" संपलं मग सगळं. एका व्यापाऱ्याने वजन वाढावं म्हणून मालावर पाणी मारलं होतं. आप्पाने मिरची मोडली, मोडताना आवाज झाला नाही, आणि आप्पा त्याला म्हणाला, "आपण मोठे माणूस आहात." बस. तो माणूस घरी गेला, जेवला नाही, चौथ्या दिवशी सगळ्या बाजारासमोर हात जोडून उभा राहिला.

"आप्पा, एक शिवी दे. जास्ती नही, एक."

"मालमा परत पानी मारशी?"

"नही मारसू."

"जाय मंग. तुन्हा मुडदा बशाडू."

त्या व्यापाऱ्याने तिथल्या तिथे पेढे वाटले.

असा हा माणूस साठी ओलांडून इंग्रजीच्या नादाला लागला, तो आपल्या नातीमुळे.

आप्पाचा मुलगा योगेश ऑस्ट्रेलियात नोकरीला. सून गौरी पुण्याची. त्यांची मुलगी तारा, सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली, इंग्रजीशिवाय काही न कळणारी. पहिल्यांदा व्हिडिओवर नीट समोर आली तेव्हा ती वाटीतून भात खात होती. आप्पाने फोन इतका जवळ धरला की तिकडे फक्त मिशी दिसत असावी. आणि लाडात येऊन म्हणाला, "काय वं मुडदे, जेवनी का?"

ताराने बापाला विचारलं, आजोबा काय म्हणाले. योगेश इंजिनिअर. खोटं बोलायची सवय नाही, खरं कुठे थांबवायचं याचं शिक्षण नाही. त्याने शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, की आजोबा विचारतायत, हे प्रेता, तुझं जेवण झालं का. पोरगी वाटीत बघायला लागली, मग मिशीकडे, मग तिने जो सूर लावला तो आम्हाला फोन बंद झाल्यावरही ऐकू येत होता.

थोड्या वेळाने गौरीचा फोन आला. "आप्पा, तिच्याशी जरूर बोला. पण इंग्रजीत बोला आणि चांगलं बोला. शिव्या नकोत."

बाई वाईट नव्हती, पुण्याची होती. तिकडे माणसं रागातही गोड बोलतात आणि प्रेमातही गोड बोलतात. ओळखतात कशी, देव जाणे.

आप्पा दुसऱ्या दिवशी पथारीवर आला तो मिरची न मोडताच बसून राहिला. "मुडद्या," मला म्हणाला, "तिना लाड करू त कशा करू? बिगर शिवीना? वरीसभरमा ती आठे येई. मी तिले काय, बँकना साहेबगत भेटू?"

पुढच्या हंगामात ते तिघे महिनाभर येणार होते. तोवर आप्पाला इंग्रजीत अशी एक शिवी शोधायची होती, जी गौरीच्या कानाला लागणार नाही, पण ताराच्या पोटात उतरेल.

शोधायला माणूस होता. सोनवणे सर, निवृत्त, तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले, रोज दुपारी पथारीवर चहाला येणारे. शिवीचं नाव काढताच सर म्हणाले, "इंग्रजीत शिव्या नाहीत. इंग्रजीत कर्ता, क्रियापद आणि कर्म आहे."

"मंग साहेबले दगडनी ठेच लागी, त तो काय म्हनस? कर्ता, क्रियापद, कर्म म्हनस का?"

सरांनी दोन कप चहा विचार केला. मग इकडेतिकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "गॉश."

मग त्यांनी समजावलं. साहेबाला देवाचं नाव वाया घालवायची लाज वाटते, म्हणून तो 'गॉड' तोंडातून निघता निघता शेपूट बदलून 'गॉश' करतो. 'हेल' म्हणजे नरक, त्याचा 'हेक' करतो. 'डॅम' म्हणजे सत्यानाश, त्याचा 'डार्न' करतो. सुरुवात तीच, शेवट सभ्य.

आप्पाने डोळे मिटले. मिरची तोंडात असताना मिटायचा तसेच. "समजनं. बी काढेल शिवी. सालटं तेच, रंग तोच, बी काढी टाकं त तिखट जास. आमना आठे पन शे, सर. मन्ही आत्या सासराना समोर 'मुडदा' म्हनता म्हनता 'मुरमुरा' म्हनी टाके."

मला वाटतं, सरांना तीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता. त्या दिवसापासून ते वही घेऊन यायला लागले.

पण आप्पा ऐकीव मालावर निकाल देणारा नव्हता. कुठली शिवी किती तिखट, हे सरांना सांगता येईना, कारण सरांनी एकही कधी वापरली नव्हती. मग आप्पाच्या नशिबाने एक परदेशी साहेब माल बघायला आला. लाल तोंडाचा, भला माणूस, सगळं चाखून बघतो म्हणाला. आप्पाने त्याला आधी फाफडा मिरची दिली, रंगाला चांगली, तिखटाला नरम. साहेब म्हणाला, "गॉश." आप्पाने माझ्याकडे बघून मान हलवली, मी लिहून घेतलं. मग त्याहून तिखट, 'जरेला' जातीची दिली. साहेब म्हणाला, "डॅम." मी लिहून घेतलं. मग आप्पाने खिशातून घरची लवंगी काढली. साहेबाने ती चावली आणि त्याच्या तोंडून जे निघालं त्यावर सोनवणे सरांनी चष्मा काढला आणि ते लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. साहेब पथारीला तीन फेऱ्या मारून आला, दोन लोटे ताक प्याला आणि सगळा लवंगीचा माल घेऊन गेला. तो शेवटचा शब्द कसा लिहायचा हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तो अभ्यासक्रमात नव्हता."

अशी आमची प्रतवारी तयार झाली. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे डाव्या बाजूला मिरचीची जात आणि उजव्या बाजूला इंग्रजी शब्द. जगात कुठल्या विद्यापीठाकडे असं पान असेल तर दाखवा, मी काट्यावर मिशी ठेवतो.

योगेशही फोनवर माल पुरवायचा. तिकडे 'ब्लडी' हा शब्द हवेला, बसला, भाजीला, कशालाही लावतात म्हणाला. सर म्हणाले, विशेषण. योगेश म्हणाला, तसं नाही, कधी कधी शब्दाच्या आतही घालतात, 'अब्सो-ब्लडी-लूटली'. सरांनी वही मिटली. एका शब्दाचं पोट फाडून दुसरा आत घालायचा, हे त्यांनी कुठल्याच व्याकरणात पाहिलं नव्हतं. आप्पा मात्र मांडी घालून बसला होता तो उठून उभा राहिला.

"पोट फाडीसन मसाला भरेल शे. भरेल मिरची शे ही, सर. तुम्हले कशी नही समजनी?"

'होली काऊ' त्याला पटलं नाही. गाय पवित्र आहे हे साहेबाला कळलं हे चांगलंच, पण मग ठेच लागल्यावर तिला कशाला मध्ये आणायचं. तो शब्द ऐकला की आप्पा हात जोडायचा आणि पुढचा मागायचा. पण 'ब्रेक अ लेग'वर तो इतका खूश झाला की सरांना त्याने उचलूनच घेतलं. कामाला निघालेल्या माणसाला साहेबाच्या देशात 'तुझा पाय मोडो' म्हणतात, आणि अर्थ 'तुझं भलं होवो' असा, हे सरांनी नुसतं म्हणीसारखं सांगितलं होतं.

"तोंडवर पाय मोडो, आनि पोटमा आशीर्वाद," आप्पा म्हणाला. "सर, ह्या लोके आपलाच शेतस. मधमा समुंदर उना म्हनीसन येगळा पडनात."

एवढी तयारी करून शेवटी ते तिघे आले, आणि आप्पाचं धैर्यच गेलं.

स्टेशनवर ताराला बघितल्याबरोबर तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, तारा. हाऊ डू यू डू." दुपारचे चार वाजले होते. घरी गेल्यावर "प्लीज सिट". ताटावर "प्लीज ईट". पोरगी पाणी प्यायली तरी "थँक यू". गौरी खूश. योगेश चकित. जिजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या मानूसले काय व्हयनं? पोर काही बोलनी का यास्ले?" घरात शिव्या चालूच होत्या, जिजीला, म्हशीला, मला. फक्त ताराची पाळी आली की आप्पाच्या अंगात कलेक्टर यायचा.

तिसऱ्या दिवशी योगेश ताराला पथारीवर सोडून गेला. मी तिला काट्यावर उभं केलं, वजन केलं, आप्पाच्या बोटांत मिरची मोडल्याचा आवाज ऐकवला. ती माझ्या शेजारी पोत्यावर बसून आप्पाकडे बघत राहिली. आप्पा हमालांचे मुडदे बसवत होता, शेतकऱ्यांचे बसवत होता, आणि ज्याचा बसे तो हसत होता. एका म्हाताऱ्याला त्याने अशी खास दिली की म्हाताऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घालून त्याला मिठीच मारली.

ताराने मला इंग्रजीत काही विचारलं. माझं इंग्रजी बैलगाडीसारखं, चढावर थांबतं. तिने पुन्हा सावकाश विचारलं, एकेक शब्द ठेवत. आजोबा सगळ्यांना ते म्हणतात. ते ऐकून सगळे हसतात. मला का म्हणत नाहीत? मी त्यांना आवडत नाही का?

मी आप्पाला बाजूला नेऊन सांगितलं. तो खाली बसला. मिरचीवरच बसला, कोणाच्या मालावर याचंही त्याला भान राहिलं नाही.

"तिले वाटस, मी तिनावर रागायेल शे?"

"तू तिच्याशी त्या पाणी मारणाऱ्या व्यापाऱ्यासारखा बोलतोयस, आप्पा."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. लवंगीला बावीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते त्या पोरीच्या एका प्रश्नाने केलं. मी दुसरीकडे बघितलं. मला बघायचं नव्हतं.

संध्याकाळी आप्पा टोपी नीट करून, हातात कॅलेंडरचं पान घेऊन सुनेपुढे उभा राहिला. मागे साक्षीदार म्हणून सोनवणे सर आणि मी. आप्पाने सगळी कैफियत मांडली आणि शेवटी म्हणाला, "पोरी, यामाथीन एक दे. तू म्हनशी ती. बी काढेल दे. पन दे."

गौरीने पान हातात घेतलं. ती वाचायला लागली आणि तिच्या भुवया वर जायला लागल्या. "हे लवंगीसमोर काय लिहिलंय?"

"ते खोडा," सर घाईने म्हणाले. "ते ऐच्छिक आहे."

तिने पेन मागितलं. 'ब्लडी' खोडलं. योगेशने फोनवर पुरवलेलं 'बगर' दोनदा खोडलं. 'डॅम' खोडलं. 'गॉश' ठेवलं तर आप्पा म्हणाला, ही कोणाला देता येत नाही, ही नुसती हवेत जाते. शेवटी तिने खाली स्वतःच एक शब्द लिहिला. रॅटबॅग. तिकडे मस्तीखोर पोरांना लाडाने म्हणतात, शाळेतल्या बाईसुद्धा म्हणतात.

"रॅट म्हणजे उंदीर," सर म्हणाले. "बॅग म्हणजे पिशवी. समास आहे."

आप्पा शब्दाकडे बघत राहिला. "ही शिवी शे का किराना?"

पण सुनेने दिलेली होती. तो अंगणात गेला. तारा जिजीजवळ बसून लसूण सोलत होती, म्हणजे लसणाला अधिक चुरगाळत होती. आप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला, घसा साफ केला, आणि परीक्षेत कविता म्हणावी तसा म्हणाला, "यू... रॅटबॅग."

तारा इतकी हसली की लसूण सांडला. आप्पाही हसला. मग ती थांबली आणि तिने मान हलवली. इंग्रजीत म्हणाली, हा नको. हा तर शाळेतलाही आहे. जिजीला देता तो द्या.

सगळे दाराकडे बघायला लागले. दारात गौरी उभी होती. ती थोडा वेळ पोरीकडे बघत राहिली, थोडा वेळ आप्पाच्या टोपीकडे. मग जरा मोठ्यानेच म्हणाली, "मी आत चहा टाकते. आत काही ऐकू येत नाही." आणि गेली. स्वयंपाकघर अंगणापासून चार हातांवर होतं.

आप्पाने ताराचे दोन्ही कान धरले. "काय वं मुडदे," तो म्हणाला, "जेवनी का?"

पुढचे तीन आठवडे त्या घरात काय चाललं ते मी लिहीत नाही, सोनवणे सर हे वाचणार आहेत. तारा आप्पाच्या मांडीवर बसून मिरच्या मोडायची, कानाशी न्यायची आणि ढिगाचा निकाल द्यायची. आप्पा तो निकाल कायम करायचा. त्या तीन आठवड्यांत नंदुरबारच्या बाजारात काही मालाला जे भाव मिळाले त्याचं कारण अजून कोणाला कळलेलं नाही.

मग जायचा दिवस आला. दुपारची सुरतेकडची गाडी. सामान चढलं, गौरीने वाकून नमस्कार केला, आणि आप्पाने तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत तिचाही मुडदा बसवला. ती हसून डब्यात चढली. तारा खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती. गाडी हलली तसा आप्पा खिडकीबरोबर चालायला लागला, आणि त्याने बी न काढलेली, सालासकट, देठासकट, त्याच्या ठेवणीतली शिवी अशी दिली की चहावाल्याच्या हातातला थर्मास थांबला. खिडकीतून तितक्याच जोरात उत्तर आलं. डब्यातले लोक वळून बघत होते आणि गौरी पलीकडच्या खिडकीतून रुळांकडे फार लक्ष देऊन बघत होती.

शेवटचा डबा गेला. आप्पा फलाटाच्या टोकाशी, जिथे उतार लागतो तिथे, माझ्याकडे पाठ करून उभा होता.

मी जवळ गेलो. "चल आप्पा, रिक्षा थांबलीय."

"आपण पुढे व्हा," तो म्हणाला. "मी येतो."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी शुद्ध बोलला. मी त्याच्या समोर गेलो नाही, आत्ताही मला त्याचे डोळे बघायचे नव्हते. बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला ओळखीचा, सामान चढवायला फलाटावर आलेला, त्याने ऐकलं होतं. बराच वेळ त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"काय भाऊ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आप्पानं तुमनासंगे बिनसनं का?"

"हां," मी म्हटलं. "थांब जरा. येईल तो."